नरसाळे मोठे केले म्हणून नळी रुंद होत नाही

मोबाइलवरून चाललेल्या तासात शिक्षकांचे चित्र गोठले, आवाजाचे तुकडे पडू लागले, की आपल्या सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : 'स्पीड नाही!' मग आपण अधिक वेगाची योजना घेतो, नवा फोन घेतो, नाहीतर गच्चीवर जाऊन बसतो. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते.

विद्यार्थी मित्रहो, माझे असे मत आहे, की 'स्पीड नाही' हे निदानच पुष्कळदा अपुरे असते. ताप आहे एवढे सांगून वैद्याचे काम संपत नाही. ताप कशामुळे आला ते शोधावे लागते. चालू चित्र घरातून बाहेर पाठवायचे असते, तेव्हा प्रश्न वेगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, रांगेचा असतो. आणि रांगेवरचा उपाय म्हणजे मोठी साठवण नव्हे, तर पाठवणाऱ्याचा संयम होय. हे वाक्य तुम्हाला सुविचाराच्या फळ्यावरचे वाटेल. पण त्याच्यामागे साधे अंकगणित आणि थोडे पदार्थविज्ञान आहे. ते आधी पाहू आणि मग मताकडे वळू.

चढती वाट, उतरती वाट

मोबाइल आणि टॉवर यांच्यामध्ये दोन वाटा असतात. टॉवरकडून मोबाइलकडे येणारी ती उतरती वाट, म्हणजे डाउनलिंक. मोबाइलकडून टॉवरकडे जाणारी ती चढती वाट, म्हणजे अपलिंक. तुम्ही चित्रफीत पाहता तेव्हा उतरती वाट वापरता. शिक्षक आपल्या घरून फळा दाखवतात किंवा तुम्ही स्वतःचा प्रयोग कॅमेऱ्यासमोर करून दाखवता, तेव्हा चढती वाट वापरली जाते.

या दोन वाटा सारख्या नसतात. टॉवरला वीज भरपूर मिळते. त्याचे प्रक्षेपण काही दशक वॅटचे असू शकते. मोबाइल बॅटरीवर चालतो आणि आपल्या कानाशी असतो. म्हणून त्याची प्रक्षेपणशक्ती साधारणतः ०.२ वॅटपुरती मर्यादित ठेवलेली असते. एकाच्या हाती कर्णा आणि दुसऱ्याने कुजबुजत उत्तर द्यायचे, असा हा प्रकार आहे. शिवाय ५जीच्या मुख्य पट्ट्यांमध्ये एकच कंपनसंख्या आळीपाळीने दोन्ही दिशांना वापरतात आणि त्यातला मोठा वाटा सामान्यतः उतरत्या वाटेला दिला जातो. कारण बहुतेक लोक पाठवतात थोडे आणि घेतात फार.

तिसरा फरक तुमच्या वर्गातलाच आहे. वर्गात ज्याला बोलायचे असेल तो हात वर करतो आणि गुरुजी सांगतील त्याने बोलायचे असते. चढत्या वाटेवर तसेच घडते. मोबाइल टॉवरला कळवतो, की माझ्याजवळ इतका मजकूर पाठवायचा शिल्लक आहे. टॉवर सर्वांच्या मागण्या पाहून कोणी, कोणत्या क्षणी, किती बोलावे ते ठरवतो. मध्ये एखादी भिंत आली, तुम्ही दोन पावले सरकलात किंवा शेजारी दहा माणसे एकदम बोलू लागली, की तुमच्या वाट्याला येणारा वेग काही सेकंदांतच निम्म्यावर येऊ शकतो आणि पुन्हा दुप्पटही होऊ शकतो.

रांगेचे अंकगणित

आता चित्राकडे वळू. पडद्यावरील एका चित्रात आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके आहेत असे समजा. म्हणजे एकूण ९,२१,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट आणि सेकंदाला अशी ३० चित्रे. गुणाकार करा, सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट होतात! एवढे कोणीच पाठवत नाही. लागोपाठच्या दोन चित्रांतला फरक तेवढा पाठवायचा, अशा युक्त्यांनी ते दाबून सेकंदाला १५-२० लाख बिटांवर आणतात. हे दाबण्याचे काम करणाऱ्या भागाला एन्कोडर म्हणतात. किती दाबायचे हे त्याला सांगता येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. दाबलेला मजकूर लहान लहान पुडक्यांत बांधला जातो. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात.

समजा, एन्कोडर सेकंदाला २० लाख बिट तयार करत आहे आणि चढती वाट अचानक अरुंद होऊन सेकंदाला १० लाखांवर आली. उरलेले १० लाख बिट कोठे जातील? ते मोबाइलच्या साठवणीत, म्हणजे बफरमध्ये, रांगेत उभे राहतील. पाच सेकंद असेच चालले तर रांगेत ५० लाख बिट साचतील. आता तयार झालेल्या नव्या पॅकेटला रांगेच्या टोकाशी पोचायला ५० लाख भागिले १० लाख, म्हणजे ५ सेकंद लागतील. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि तो शिक्षकांना ५ सेकंदांनी ऐकू आला, तर तो संवाद कसला? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे सहज संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि ४०० मिलिसेकंदांच्या पुढे तर जाऊच नये.

आता वाट पुन्हा रुंद होऊन सेकंदाला २५ लाखांवर गेली असे समजा. सगळे लगेच सुरळीत होईल काय? नाही. २० लाख तर नवेच येत आहेत. जुनी रांग कमी करायला फक्त ५ लाख उरतात. ५० लाखांची रांग संपायला आणखी १० सेकंद लागतील. म्हणजे संकट टळले तरी त्याचे ओझे दुप्पट वेळ वाहावे लागते.

याच ठिकाणी संयमी पाठवणारा काय करतो ते पाहा. वाट अरुंद झाल्याचे त्याला अर्ध्या सेकंदात कळले आणि त्याने एन्कोडरला ८ लाखांवर आणले. तोपर्यंत रांगेत फक्त ५ लाख बिट साचले, विलंब जास्तीत जास्त अर्धा सेकंद झाला, आणि दर सेकंदाला २ लाख याप्रमाणे अडीच सेकंदांत रांग संपली. चित्र थोडे धूसर झाले, पण संभाषण तुटले नाही.

'मग बफर मोठा ठेवा, पॅकेट फेकावी लागणार नाहीत,' असे कोणी म्हणेल. त्याने स्वयंपाकघरातील नरसाळे आठवावे. नळातून पाणी जास्त येते आणि नरसाळ्याच्या नळीतून कमी जाते, तेव्हा नरसाळे भरू लागते. नरसाळे मोठे घेतले तर ते उशिरा भरेल एवढेच; नळी रुंद होणार नाही. पाण्याची निदान उंची वाढली की दाब वाढून प्रवाह थोडा तरी वाढतो. पॅकेटांच्या रांगेला दाब नसतो. ती कितीही लांब झाली तरी पुढची वाट तिळभरही रुंद होत नाही.

४० बिटांचा धडा

या विषयाचा इतिहास उद्बोधक आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यामधील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमधले अंतर होते अवघे ४०० यार्ड! सेकंदाला ४० बिट म्हणजे सुमारे ५ रोमन अक्षरे. २,००० अक्षरांचे पान पाठवायला जवळजवळ सात मिनिटे लागणार; त्यापेक्षा कागद हातात घेऊन चालत गेलेला माणूस आधी पोचला असता.

तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रे बिघडली नव्हती. मग झाले काय? पोच वेळेवर आली नाही की प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवी. आधीचे पॅकेट हरवलेले नसे, ते रांगेत उभे असे. पुन्हा पाठवलेल्या प्रतींनी रांग आणखी लांब होई, म्हणून पोच आणखी उशिरा येई, म्हणून आणखी प्रती पाठवल्या जात. सगळेच ओरडत होते आणि म्हणूनच कोणाचेच ऐकू येत नव्हते.

या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्यासह यावर उपाय शोधला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशी असलेली कल्पना पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला लगेच ओळखीची वाटेल : पॅकेटांच्या अक्षय्यतेचा नियम. वाहतूक स्थिर झाली, की एक पॅकेट बाहेर पडल्याची पोच मिळाल्याखेरीज नवे पॅकेट आत टाकायचे नाही. वेग कसा बदलायचा याचाही नियम त्यांनी घालून दिला. सर्व ठीक असेल तर एकेका पायरीने वाढवा. पॅकेट हरवले, तर कोंडी झाली असे समजून मोठी कपात करा. कपात निम्म्याने करायची असे रूढ झाले.

वाढ बेरजेने आणि घट भागाकाराने, असे का? कागद-पेन्सिल घ्या. वाटेची क्षमता १०० आहे. अ १० वापरतो आणि ब ९०. कोंडी झाली, दोघेही निम्म्यावर आले : ५ आणि ४५. आता दोघेही एकेकाने वाढतात. पुन्हा १०० भरतील तेव्हा प्रत्येकाने २५ मिळवलेले असतील : ३० आणि ७०. पुन्हा निम्मे, पुन्हा २५ ची भर : ४० आणि ६०. आणखी एकदा : ४५ आणि ५५. दोघांमधला फरक ८०, ४०, २०, १० असा दर वेळी निम्मा होत गेला! कोणी वाटणी करून दिली नाही, दोघांनी एकमेकांना पाहिलेही नाही, तरी ते समान वाट्याकडे गेले. दा-मिंग च्यू आणि राज जैन यांनी १९८९ साली याचे गणिती विवेचन केले. माझ्या मते शालेय गणिताच्या पुस्तकात या उदाहरणाला जागा मिळायला हवी.

धान्य आणि दूध

मग तोच नियम चालू चित्राला जसाच्या तसा लावावा काय? नाही. फाइल म्हणजे धान्याचे पोते. तासभर उशिरा पोचले तरी धान्य धान्यच राहते. चालू चित्र म्हणजे दूध. उशीर झाला की ते नासते. पॅकेट हरवेपर्यंत वाट पाहायची म्हणजे बफर काठोकाठ भरेपर्यंत थांबायचे, आणि तोपर्यंत दूध नासलेले असते. त्यातून बिनतारी वाटेवर पॅकेट हरवणे ही कोंडीची खात्रीची खूण नव्हे. कधी ते नुसत्या गोंगाटाने बिघडते. आणि मोबाइल व टॉवर बिघडलेला तुकडा आपसांत पुन्हा पाठवून दुरुस्त करत असल्यामुळे वरच्या प्रोग्रामला तोटा दिसतच नाही, दिसतो तो फक्त विलंब.

म्हणून चालू चित्र पाठवणाऱ्याने नाडी पाहायची ती विलंबाची. समजा, पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघत आहेत. पलीकडे ती २० मिलिसेकंदांच्याच अंतराने पोचत असतील तर रांग वाढत नाही. ती सातत्याने २५ मिलिसेकंदांच्या अंतराने पोचू लागली तर वाटेत कोठेतरी रांग लांबत आहे. येथे गंमत अशी, की दोन्हीकडची घड्याळे जुळलेली असण्याचीही गरज नाही. कारण आपण वेळा नव्हे, वेळांतील फरक ताडून पाहतो. ब्राउझरमधून होणाऱ्या चित्रसंभाषणासाठी गूगलने तयार केलेली पद्धत अशाच तत्त्वावर चालते. एरिक्सनच्या अभियंत्यांनी मोबाइल जाळ्यांचा विशेष विचार करून तयार केलेली 'स्क्रीम' ही पद्धत २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीही रांगेतील विलंबावर लक्ष ठेवते.

चढत्या वाटेची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. येथे अरुंद जागा पुष्कळदा अगदी पहिल्याच टप्प्यावर असते आणि रांग साचते ती आपल्याच मोबाइलच्या पोटात! कोंडी दूर कोठेतरी, परक्याच्या यंत्रात झाली असती तर 'मला कसे कळणार?' असे म्हणता आले असते. येथे तशी सबब नाही. अमेरिकेतील अभियंते जिम गेटिस यांनी २०१० साली आपल्या घरून फाइल पाठवत असताना पाहिले, की इतर सर्व पॅकेटांना एक सेकंदाहूनही अधिक उशीर होत आहे. स्मृती स्वस्त झाली म्हणून यंत्रे बनवणाऱ्यांनी बफर भलतेच मोठे ठेवले होते. या दुखण्याला त्यांनी 'बफरब्लोट', म्हणजे बफरची सूज, असे नाव दिले. सूज म्हणजे बळ नव्हे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दोन आक्षेप

माझ्या मतावर पहिला आक्षेप असा येईल : '५जी आले आहे, आता संयमाचे काय काम?' भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेचा प्रारंभ झाला. वेग वाढला, हे मान्यच आहे आणि ते हवेही आहे. पण वेग वाढला की चित्राची भूकही वाढते, आणि बिनतारी वाटेचा चढउतार तर कोणत्याही पिढीत जात नाही. ५० वरून १० वर येणे आणि २ वरून ०.४ वर येणे, दोन्हीही पाचपट घसरणच. ऐकून वेग न बदलणारा पाठवणारा दोन्ही वेळा रांगच लावील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : 'मी संयम पाळला आणि शेजाऱ्याने नाही, तर तोटा माझाच!' यात तथ्य आहे. नियम न पाळणारा प्रोग्राम लिहिणे अवघड नसते. परंतु यंत्रांनाही न्याय शिकवता येतो. प्रत्येकाची रांग वेगळी ठेवायची आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट पुढे सोडायचे, असे केले की हावरटाची रांग लांबते ती त्याचीच. मोबाइल जाळ्यात प्रत्येक फोनची रांग मुळातच वेगळी असते. तेव्हा चढत्या वाटेवर बेसुमार पाठवणारा सर्वांत आधी स्वतःचेच चित्र बिघडवतो, आणि त्याच्या हॉटस्पॉटवर अभ्यास करणाऱ्या धाकट्या भावंडाचे. संयम हा येथे परोपकार नाही. तो शहाणपणाचा हिशेब आहे.

असा संयम सामुदायिक रीतीने पाळला गेल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे, मात्र ते उतरत्या वाटेचे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळी भारतातील चित्रफीत-कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवर चित्राची स्पष्टता काही आठवडे ४८० रेषांपर्यंतच ठेवण्याचे ठरवले होते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट मोजमापाची. आपण जे मोजतो तेच सुधारते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची नवी व्याख्या केली. तीत किमान वेग सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे २ मेगाबिट, सांगितला, पण तो डाउनलोडचा. २०२४ च्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत विलंबाचाही समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही जाहिरातीत मोठ्या टाइपात छापला जातो तो डाउनलोडचाच आकडा. ज्या देशात खेड्यातला विद्यार्थी केवळ ऐकणारा नव्हे तर विचारणारा व्हावा असे आपल्याला वाटते, तेथे चढत्या वाटेचा वेग, आणि ती वाट भरून चालली असतानाचा विलंब, हे दोन आकडे प्रत्येक योजनेवर छापले पाहिजेत. केवळ घेणाऱ्यांची गणती करणारे माप हे श्रोत्यांचे माप आहे. आपल्याला शंका विचारणारेही हवे आहेत.

दुसरी गोष्ट शिक्षक बंधुभगिनींसाठी. वाट अरुंद झाली की कशात कपात करायची हे यंत्रावर सोडू नका. आवाजाला सेकंदाला तीस-चाळीस हजार बिट पुरतात. २० लाखांच्या चित्राच्या तो जेमतेम पन्नासावा भाग आहे. म्हणून प्रथम आवाज वाचवा. फळा दाखवत असाल तर सेकंदाला ३० चित्रांची गरज नसते. पाच पुरतात, पण अक्षरे स्पष्ट हवीत. लंबकाचा प्रयोग दाखवत असाल तर उलट. चित्र थोडे धूसर चालेल, पण हालचाल तुटता कामा नये. कशाला महत्त्व द्यायचे हे यंत्राला ठाऊक नसते, शिक्षकाला असते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ही निवड करण्याची सोय ठळकपणे द्यायला हवी.

तिसरी गोष्ट, विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. त्यावर 'पिंग' नावाची आज्ञा असते. ती एक लहानसे पॅकेट पाठवून ते परत यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. काहीही चालू नसताना वीस वेळा पिंग करा आणि सरासरी काढा. मग एखादी मोठी चित्रफीत अपलोड करायला लावून पुन्हा वीस वेळा करा. नंतर तेच डाउनलोड चालू असताना. सकाळी, दुपारी आणि रात्री नोंदी घ्या, आलेख काढा. अपलोड चालू असताना विलंब कितीतरी पटींनी वाढलेला दिसला, तर ती तुमच्याच घरातील रांग आहे. वर्गातील दहा जणांनी आपापल्या घरच्या नोंदी एकत्र केल्या, तर विज्ञान प्रदर्शनात मांडण्याजोगे काम होईल; आणि पुढच्या वेळी 'स्पीड नाही' असे न म्हणता 'अपलोड चालू असताना विलंब इतका वाढतो' असे तुम्ही आकडा देऊन सांगू शकाल. तक्रार आणि निरीक्षण यांत एवढाच फरक असतो.

१९८६ साली नव्या तारा टाकून प्रश्न सुटला नसता, असे नाही. पण तो थोड्याच दिवसांनी पुन्हा उभा राहिला असता. आहे त्याच तारांवर जाळे पुन्हा चालू लागले ते पाठवणाऱ्यांनी आधी ऐकायला सुरुवात केली म्हणून. बिनतारी वाट तारेपेक्षा चंचल आहे आणि चालू चित्र फाइलपेक्षा नाजूक. म्हणून येथे ऐकणे अधिक लवकर व्हायला हवे, एवढेच. वेग वाढवण्याचे काम अभियंते करतीलच. रांग न लावण्याची रीत मात्र आपण शिकली पाहिजे, आणि आपल्या यंत्रांनाही शिकवली पाहिजे.